आमची वाटचाल : दाराच्या आतलं काम

गाड्यांच्या दारांत स्पीकर बसवायच्या आमच्या दुकानाची सुरुवात दोघांची, मी आणि पार्टनर. एक सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर, दाराचं पॅनल उचकटायच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आणि एक पेन्सिल सेल. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभर टेकवायचा, कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, बाहेर आला की प्लस सापडला. आजही एकही स्पीकर त्याशिवाय बसवत नाही.

पार्टनर वेगळा झाला त्याचं वाईट नाही वाटलं, पण तो आमच्याच गिऱ्हाइकांना सांगत सुटला की हे एका गाडीला अख्खा दिवस लावतात. अरे लागतोच ना! स्पीकरखाली बसणारी रिंग कापायची, दाराच्या आतली खोली मोजायची, काच पूर्ण खाली करून स्पीकरच्या मागच्या मॅग्नेटला घासते का बघायचं. तो कंपनीचं कनेक्टर कापून वायरी पिळायचा, टेप मारायचा, तासाभरात गाडी बाहेर. वर बॉक्सवरचे ५०० वॉट दाखवायचा, तो पीकचा, म्हणजे क्षणभराचा आकडा, साधा स्टिरिओ चॅनलला १५-२० वॉट आरएमएसच, म्हणजे सतत टिकणारे, देतो, हे आम्ही सांगितलं की गिऱ्हाईक उठून तिकडे. आठ महिने असे गेले, हाताखालच्या पोराला घरी बसवावं लागलं, ते अजून सलतं.

मग एक मास्तर गाडी घेऊन आले. स्पीकरचं काम पार्टनरकडचंच. म्हणाले, "आवाज वाढला हो, पण तबल्याचा डग्गा कुठे गेला?" मी बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला, डग्गा आला, मधे आणला, गेला. उजव्या दाराच्या वायरी उलट्या! एक कोन पुढे जातो तेव्हा दुसरा मागे, बेस एकमेकांना खातात. दोन वायरी फिरवल्या आणि मास्तर डोळे मिटून बसूनच राहिले. पुढे त्यांची मुलगी, जावई, शेजारी, सगळ्या गाड्या आमच्याकडे आल्या, दुकान त्यावर उभं राहिलं.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो, बजेट कमी असेल तर पुढचे दोनच स्पीकर बदला, उरलेल्यात दारांना डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारी शीट, मारा. अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा वेगळा डबा) लावणार नसाल तर वॉट सोडा, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो ते, ती ३ डीबी (डेसिबल) जास्त असेल तर अर्ध्या पॉवरमध्ये तेवढाच आवाज. आणि जुन्या स्पीकरला आधी मीटर लावा, कंपनीचा अ‍ॅम्प असलेल्या गाड्यांत कधीकधी २ ओमचे (ओम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप) निघतात, तिथे ४ ओमचा टाकला की आवाज पडतो आणि शिव्या बसवणाऱ्याला.

मास्तरांनी आता गाडी बदलली. जुनीतले आपले स्पीकर काढून आणलेत, म्हणाले हेच बसव. बसवतोय, फक्त या दारात खोली कमी आहे, रिंग जाड कापावी लागतेय.