गार राहिलेला बायपास फिल्टर

"मिस्त्री, बायपास फिल्टर घरीच बसवलाय, पण तो तापतच नाही." पिक-अपच्या मालकाने चावी देताना एवढंच सांगितलं. गाडी बराच वेळ चालवून आणलेली. इंजिनाच्या मूळ ऑइल फिल्टरला बोट लावता येत नव्हतं आणि शेजारचा नवा फिल्टर मात्र गार. माणसाने बरोबर हेरलं होतं. ज्यातून गरम ऑइल वाहतंय तो डबा गार राहीलच कसा?

मूळ फिल्टरमधून इंजिनाचं सगळं ऑइल जातं. म्हणून त्याचा कागद फार बारीक ठेवता येत नाही. २०-४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचं बरंचसं त्यातून निसटतं. बेअरिंगमधला ऑइलचा थर मात्र काही ठिकाणी मोजक्याच मायक्रॉनचा असतो. बायपास फिल्टर पंपाच्या प्रवाहातला पाच-दहा टक्के हिस्सा घेतो, त्याला सावकाश दोन-तीन मायक्रॉनपर्यंत गाळतो आणि थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, सोडतो. किती ऑइल घ्यायचं हे ठरवतं तोंडाशी बसवलेलं, जेमतेम दीड मिलिमीटर भोकाचं जेट.

परतीचा पाइप सोडून डब्यात धरला आणि इंजिन चालू केलं. धार सोडाच, थेंबसुद्धा वाट बघायला लावत होता. जेट काढलं तर भोकात पांढरा बोळा. टेफ्लॉन टेप.

टेप आली कुठून? ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून लाइन काढली होती, आणि त्या टीवर टेपचे वेढ्यावर वेढे होते. "गळायचं थांबेना, म्हणून गुंडाळत गेलो," मालक म्हणाला. खरी भानगड आट्यांची होती. इंजिनाच्या ब्लॉकमधलं भोक बीएसपीटी, टी एनपीटी; पाइपच्या आट्यांची ही दोन वेगळी मानकं. १/८ इंचाच्या मापात दोन्ही दिसायला जुळी भावंडं. पण एकाला इंचात २८ आटे, दुसऱ्याला २७, आणि आट्यांचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. सुरुवातीचे दोन-तीन आटे खुशाल बसतात, पुढे नुसती जबरदस्ती. तिथे टेपने गळती थांबते ती तात्पुरती, आणि टेपचे तुकडे वाहत जाऊन जेटवर अडकतात.

मालकाचा तोडगा तयार होता: "भोकच थोडं मोठं करा ना." याला मी साफ नकार दिला. ते जेट म्हणजे बेअरिंगच्या वाट्याचं ऑइल राखणारा पहारेकरी. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, आयडलिंगला प्रेशर आधीच कमी असतं. त्यात मोठं भोक म्हणजे ऑइल सोप्या वाटेने चेंबरमध्ये पळणार. गाळलेलं ऑइल घेऊन काय करायचं, क्रँकशाफ्टच्या बेअरिंगलाच पोचलं नाही तर?

ब्लॉकचे आटे थोडे चावले गेले होते, पण वाचले. ग्रीस भरलेला योग्य टॅप (आटे पाडायचं हत्यार) हळूच फिरवून साफ केले आणि मूळ स्विच जागेवर बसवला. टी तिथे परत लावलीच नाही. डिझेलच्या थरथरीत त्या एवढ्याशा आट्यावर टी, स्विच आणि पाइप लोंबकळत ठेवणं मला कधीच पटलेलं नाही. त्याऐवजी मूळ फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी सँडविच प्लेट घेतली. तिने फिल्टर जरा खाली येतो, म्हणून क्रॉसमेंबरपर्यंतची, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीपर्यंतची, जागा आधी मोजली. घरगुती क्लिप लावलेला रबरी पाइप काढून क्रिंप केलेला हायड्रॉलिक होस टाकला, टर्बोपासून लांब आणि कुठेही घासणार नाही असा. लोक फिल्टरच्या कंपनीवरून तासन्‌तास वाद घालतात. ही लाइन फुटली तर पंप चेंबरमधलं ऑइल रस्त्यावर ओततो, याकडे कुणी बघत नाही.

काम उघडलंच होतं म्हणून ऑइलही बदललं. ते काढताना मधल्या धारेतून थोडं तपासणीसाठी नमुन्याच्या बाटलीत घेतलं. नवं ऑइल भरताना फिल्टर आणि पाइप पितील तेवढं जास्त घातलं, इंजिन तापवलं, पातळी पुन्हा बघितली. गेजवर आयडलिंगचं प्रेशर बायपासची लाइन बंद असताना आणि चालू असताना जवळपास सारखंच. थोड्या वेळात नवा डबा हाताला चटका देऊ लागला.

मालक खूश, पण त्याला ऑइल सोनेरी राहायला हवं होतं. तसं होत नाही, हे त्याला पटवायला फिटिंगपेक्षा जास्त वेळ गेला. डिझेलच्या काजळीचे सुटे कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात, ते ऑइल काळं करणारच; फिल्टर धरतो ते एकत्र आलेले गोळे. संपलेले अ‍ॅडिटिव्ह (ऑइलमध्ये घातलेली रसायनं) तो परत आणत नाही, ऑइलमध्ये मिसळलेलं डिझेलही काढत नाही. म्हणून ऑइल बदलायची मुदत आत्ताच वाढवू नका, आधी नमुन्याचा रिपोर्ट येऊ द्या, म्हटलं.

रिपोर्ट आला. झिजेचं लोखंड बेताचं, काजळी नेहमीसारखी, पण ऑइल त्याच्या ग्रेडपेक्षा बरंच पातळ आणि त्यात डिझेल. मी मालकाला फोन करून गाडी परत बोलावली, या वेळी डिझेल फवारणारे इंजेक्टर काढायला.