गाणाऱ्याने सोडलेली जागा : शिकागोतील ब्लूज जॅमच्या रात्री

बारच्या काउंटरच्या टोकाला एक वही उघडून ठेवलेली असते. तिला दोरीने पेन बांधलेले असते आणि रात्री आठच्या सुमारास येणारा प्रत्येक वादक अंगावरचा जाड कोट काढण्याआधी त्या वहीत आपले नाव आणि आपले वाद्य लिहितो. कोणी गिटार लिहितो, कोणी बास, कोणी ड्रम्स, कोणी नुसतेच 'गाणे'. मी 'हार्प' असे लिहिते. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून उभे राहिलेले संगीत, वाजवणाऱ्या मंडळींत माउथ ऑर्गनला हार्प म्हणतात. शिकागोत येऊन मला सहा वर्षे झाली आणि त्यांतली चार वर्षे, महिन्यातून निदान दोन वेळा, माझे नाव त्या वहीत असते.

मिरजेहून आईचा फोन आला की ती अजूनही विचारते, की रात्रीच्या वेळी बारमध्ये जाऊन तू एकटी करतेस तरी काय. तिची काळजी मला समजते, कारण आपल्याकडे बार म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे उभे राहते ते या जागेशी जुळत नाही. दारात ओळखपत्र पाहून वय एकवीस पूर्ण असल्याची खात्री करतात. इलिनॉय राज्यात २००८ पासून बारमध्ये धूम्रपानाला बंदी असल्यामुळे आत धुराचा मागमूस नसतो. सोडा वॉटर घेऊन चार तास बसले तरी कोणी भुवई उंचावत नाही, फक्त वादकांसाठी ठेवलेल्या बरणीत निघताना काही डॉलर टाकायचे असतात. शेजारच्या टेबलावर निवृत्त बसचालक असतात, रुग्णालयातली पाळी संपवून आलेली परिचारिका असते, इलेक्ट्रिकचे काम करणारे दोघे भाऊ असतात. हा लेख आईसाठी आहे, आणि शिकागोत येऊन फक्त उंच इमारती पाहून परत जाणाऱ्या आपल्या माणसांसाठीही आहे.

जॅम म्हणजे कार्यक्रम नव्हे, आयत्या वेळी जमलेल्या वादकांनी मिळून वाजवणे, ही पहिली गोष्ट समजून घ्यावी लागते. सुरुवातीला त्या जागेचा ठरलेला बँड, ज्याला हाउस बँड म्हणतात, पाऊण तास वाजवतो. त्यानंतर त्या बँडचा प्रमुख वही हातात घेतो आणि तिच्यातून माणसे निवडून एकेक गट मंचावर बोलावतो. ड्रम्स आणि अँप, म्हणजे वाद्याचा आवाज वाढवणारे यंत्र, तिथलेच असतात. गिटारवाल्याने गिटार आणायची आणि माझ्यासारखीने हार्पची छोटी पेटी. मंचावर जाणाऱ्या पाच जणांनी एकमेकांना पूर्वी पाहिलेले असेलच असे नाही. तरीही तालीम नाही, कागद नाही, चर्चा नाही. गाणारा मागे वळून एवढेच म्हणतो, "शफल, ई मध्ये, पाचव्यापासून," चार आकडे मोजतो आणि गाणे सुरू होते.

हे शक्य होते ते बारा बारच्या चौकटीमुळे. इथे बार म्हणजे तालाचा एक खंड. अशा एका बारमध्ये चार मात्रा असतात, म्हणजे बारा बारचे एक आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचे होते. त्यात मुख्यतः तीनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सुरांचे गट, येतात: मूळ स्वराचा पहिला, चौथा आणि पाचवा. पहिले चार बार पहिल्या कॉर्डवर, मग दोन चौथ्यावर, पुन्हा दोन पहिल्यावर, मग एक पाचव्यावर, एक चौथ्यावर आणि शेवटचे दोन घरी परत. त्या शेवटच्या दोन बारांना टर्नअराउंड म्हणतात, कारण तिथून आवर्तन वळून पुन्हा आरंभाला येते. ई ही गाण्याची पट्टी. 'पाचव्यापासून' असे सांगितले की शेवटच्या चार बारांनी सुरुवात करायची. शफल म्हणजे प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून मधला गाळल्यावर येणारी झुलती चाल. सम, आवर्तन आणि तिहाई यांच्या सान्निध्यात वाढलेल्या माणसाला हे परके वाटत नाही. मला पहिल्याच रात्री टर्नअराउंड आला की मान आपोआप हलते असे लक्षात आले होते.

माझे बाबा मिरजेच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवीत. माउथ ऑर्गन आणि पेटी ही एकाच कुळातली वाद्ये आहेत. दोन्हींत हवेच्या झोताने धातूची पातळ पट्टी थरथरते आणि सूर निघतो. फरक असा की पेटीत मींड येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय तिच्यात नाही. हार्पवर मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या छिद्रातून हवा आत ओढताना जीभ आणि घसा यांची ठेवण बदलली की सूर खाली वाकतो आणि माणसाच्या कण्हण्यासारखा आवाज येतो. हा वाकवलेला सूर ब्लूजचा प्राण आहे. त्यासाठी हार्पही वेगळ्या पट्टीची घ्यावी लागते: गाणे ई मध्ये असेल तर ए ची, जी मध्ये असेल तर सी ची. माझ्या पेटीत सात हार्प असतात आणि प्रत्येकीवर मी तिच्या पट्टीचे अक्षर पांढऱ्या नेलपॉलिशने लिहिले आहे, कारण मंचावरच्या निळ्या उजेडात कोरलेले अक्षर दिसत नाही.

हे संगीत मी पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकले ते मुंबईत. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये महिंद्र ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी ब्लूजचे गिटारवादक आणि गायक बडी गाय आले होते. तेव्हा मी विद्यार्थिनी होते आणि मैत्रिणीच्या आग्रहाने गेले होते. हा माणूस लुइझियानातून १९५७ मध्ये शिकागोत आला, १९८९ मध्ये त्याने तेथे स्वतःचा क्लब काढला, हे मला नंतर कळले. आज त्याच्या क्लबच्या दारावरून मी कामाला जाते, आणि वांद्र्यातली ती रात्र आठवल्याशिवाय तो रस्ता ओलांडला जात नाही.

जॅमची रीत याच शहरात इतकी खोल का रुजली, याचे उत्तर स्थलांतरात आहे. १९१० ते १९७० या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतून सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेली. वंशभेदाचे कायदे, झुंडींची हिंसा आणि कापसाच्या शेतातला कधीच न फिटणारा हिशेब मागे टाकून ती निघाली होती. मिसिसिपीतून इलिनॉय सेंट्रल रेल्वेची गाडी थेट शिकागोला येई, म्हणून मिसिसिपीचे गाणे शिकागोला आले. ब्लूजचा गायक आणि गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये असाच आला. शेतावर एकट्याने वाजवायची साधी गिटार शहरातल्या गजबजलेल्या दारूच्या गुत्त्यात ऐकू येईना, म्हणून त्याने विजेची गिटार घेतली. मॅक्सवेल स्ट्रीटवरच्या रविवारच्या बाजारात वादक आसपासच्या घरांतून लांब वायर ओढून अँप लावीत आणि रस्त्यावर वाजवीत. नव्याने आलेल्या वादकाला काम हवे असेल तर कोणाच्या तरी बँडबरोबर बसून वाजवून दाखवावे लागे. वशिला नाही, कागद नाही, कानावर आले तेच खरे. शनिवार-रविवार कामात गेलेले वादक सोमवारी एकत्र जमत आणि त्या बैठकांना 'ब्लू मंडे' म्हणत. दक्षिण भागातल्या इंडियाना अव्हेन्यूवर एका तळघरात थेरिसा नीडम नावाच्या बाईंनी १९४९ पासून चालवलेला थेरिसाज लाउंज अशा सोमवारांसाठी ओळखला जाई. मी ज्या वहीत नाव लिहिते ती त्याच रीतीची आहे, असे मी मानते, आणि म्हणून नाव लिहिताना अक्षर नीट काढते.

आता माझ्या चुकीबद्दल सांगायला हवे, कारण मी जे काही शिकले ते तिच्यामुळे शिकले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मला एका वयोवृद्ध गायिकेबरोबर मंचावर बोलावले. त्यांचे वय ऐंशीच्या घरात असेल. लहान असताना आईच्या मांडीवर बसून त्या मिसिसिपीहून गाडीने आल्या होत्या. सगळे त्यांना 'मॅम' म्हणतात. मी मनात आजी म्हणते. घरी महिनाभर घोटलेल्या जागा मला वाजवून दाखवायच्या होत्या, आणि त्यांनी पहिली ओळ उचलली तशी मीही वाजवायला लागले. दुसऱ्या ओळीलाही वाजवत राहिले. त्या गाता गाता माझ्याकडे वळल्या आणि उजवा हात, तळवा खाली करून, हवेत हळूच दाबल्यासारखा खाली नेला. चेहऱ्यावर राग नव्हता. गिटारवाल्याने तत्काळ आवाज उतरवला, ड्रमरने काठी बाजूला ठेवून ब्रश घेतला, आणि मला कळले की तो हात त्यांच्यासाठी नव्हता.

खाली आल्यावर त्यांनी मला शेजारी बसवले आणि म्हणाल्या, "बाळ, मी बोलते तेव्हा तू ऐक. मी थांबले की तू बोल. मी तुझ्यासाठीच थांबते."

मी निघाले तेव्हा बाहेर बर्फ पडत होता. स्टेशनपर्यंत चालताना मला बाबांचे वाक्य आठवत राहिले. मी दहा-बारा वर्षांची असताना त्यांच्या शेजारी बसून पेटीचा भाता हलवीत असे, तेव्हा ते सांगत, "गळा पुढे, पेटी मागे." ते वाक्य मी शेकडो वेळा ऐकले होते आणि त्याचा अर्थ मला परक्या शहरात, परक्या भाषेत कळला.

त्यानंतर मी ब्लूजचे कडवे नीट ऐकू लागले. त्याची रचना बहुधा अशी असते की पहिली ओळ म्हणायची, तीच ओळ पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण गाणारा त्यांतले साधारण दोनच व्यापतो. उरलेले दोन बार तो मोकळे सोडतो. हार्पने, गिटारने, पियानोने तिथे बोलायचे असते. मुळात ही सवाल-जवाबाची रीत शेतात काम करणाऱ्यांच्या गाण्यांतून आली आहे; एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची. जात्यावर बसलेल्या दोघींतली एक ओवी उचलते आणि दुसरी तिला साथ देते, त्याची आठवण मला येते. अर्थात गुलामगिरीचे दुःख आणि आपल्या आज्यांचे कष्ट यांची तुलना करावी असे मला मुळीच वाटत नाही. परंतु हात कामात असताना गळ्याने सोबत करायची, ही गरज मला दोन्हीकडे ओळखीची वाटते.

साथ कशी करावी याचे बाकीचे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत, ते मंचावरच कळतात. सोलो, म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवण्याची पाळी, एक किंवा दोन आवर्तनांचा घ्यायचा, तिसऱ्याचा मोह टाळायचा. नजर नेहमी गाणाऱ्यावर ठेवायची. त्याने मूठ वर केली की हे शेवटचे आवर्तन. दोन हार्पवाले एकाच वेळी मंचावर असतील तर एकाने गप्प बसायचे. मोठ्या आवाजात वाजवणारा गिटारवाला कितीही तयारीचा असला तरी त्याला पुढच्या वेळी उशिरा बोलावले जाते, आणि नवशिक्या मुलाने दोनच सूर ठिकाणावर वाजवले तर त्याला टाळ्या मिळतात. मला हा न्याय योग्य वाटतो.

पर्यटक म्हणून येणाऱ्यांनी हॉल्स्टेड स्ट्रीटवरच्या किंग्स्टन माइन्समध्ये जरूर जावे. तिथे दोन मंच आहेत, एकावरचा बँड थांबला की दुसऱ्यावरचा सुरू होतो. आर्मिटेज अव्हेन्यूवरचे रोझाज लाउंज मला अधिक जवळचे वाटते. इटलीहून ब्लूजच्या ओढीने आलेल्या टोनी मांजुलो यांनी ते १९८४ मध्ये सुरू केले आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले. ज्यांना वाद्य हातात धरायचे आहे पण बारमध्ये जायचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी लिंकन अव्हेन्यूवरचे ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक ही १९५७ पासूनची संस्था आहे. तेथे एक सुंदर प्रथा आहे, जिला 'सेकंड हाफ' म्हणतात: वेगवेगळे वर्ग संपले की नवखे आणि मुरलेले विद्यार्थी एका दालनात जमतात आणि एकच गाणे सगळे मिळून वाजवतात. मी तिथे सहा महिने शिकले. कोपऱ्यात बसलेल्या सत्तरीच्या गृहस्थांना तीनपैकी एकच कॉर्ड येत असे. तो आला की ते मनापासून वाजवीत आणि बाकी वेळ शांतपणे पुढच्या फेरीची वाट पाहत.

गेल्या महिन्यात जॅमला एक सॅक्सोफोनवाला आला होता. अशी वाद्ये आली की पट्टी बदलते. गाणाऱ्याने बी फ्लॅट सांगितला. त्यासाठी मला ई फ्लॅटची हार्प हवी होती आणि ती माझ्या पेटीत नव्हती. मी तसे सांगितले आणि मंचावरून उतरू लागले, तेव्हा आजींनी, ज्या त्या गाण्यापुरत्या मागच्या स्टुलावर बसल्या होत्या, मला हाताने थांबवले आणि शेजारी जागा करून दिली. ते संपूर्ण गाणे मी त्यांच्याबरोबर मंचावर बसून ऐकले. सॅक्सोफोनवाल्याने प्रत्येक ओळीनंतर चार-चार सूर टाकले, जास्त नाही, आणि आजी प्रत्येक वेळी माझ्या गुडघ्यावर बोटाने टिचकी मारत होत्या, बघ, इथे, आता इथे.

पुढचे गाणे ई मध्ये होते. त्या उठून माइकपाशी गेल्या, मी ए ची हार्प काढली. संथ चालीचे गाणे होते. त्यांनी पहिली ओळ म्हटली, श्वास घेतला आणि माझ्याकडे न पाहता दोन बार मोकळे सोडले.