वॉट्सचे मनोरे मागावर: आडवे नाही, उभेच

मी वॉट्सच्या मनोऱ्यांची टॅपेस्ट्री, म्हणजे धाग्यांनीच चित्र विणलेलं कापड, करते आहे; मनोऱ्यांचा पाया विणून झाला. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत सायमन रोडिया या इटालियन कामगाराने 1921 ते 1954 या काळात एकट्याने उभारलेले हे मनोरे. वास्तुविशारद नाही, परांची नाही. लोखंडी सळ्या जवळच्या रेल्वे रुळांत अडकवून वाकवायच्या, जाळी गुंडाळायची, सिमेंट थापायचं आणि त्यात फुटक्या टाइल्स, शिंपले, बाटल्यांच्या काचा बसवायच्या. सर्वांत उंच मनोरा साधारण 30 मीटर.

आता मागाकडे. टॅपेस्ट्रीत प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आपल्या हद्दीतूनच मागे फिरतो. दोन रंगांची सीमा उभी असली की तिथे फट पडते, आणि मनोऱ्यांत तर बहुतेक रेषा उभ्याच. जुना युरोपीय उपाय म्हणजे चित्र मागावर आडवं घ्यायचं, म्हणजे उभ्या रेषा आडव्या होतात. मी तो नाकारला. रोडिया कमरेला पट्टा बांधून खालून वर चढत गेला. माझ्या हाताखालीही मनोरा तसाच पायापासून वाढायला हवा.

फटींसाठी पैठणी कामाला आली. पैठणीचे विणकर शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवतात, म्हणून नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसते. बाहेरच्या कडांना मी हीच अडकवण घेतली, प्रत्येक रंगाला वेगळी तिल्ली (धागा गुंडाळलेली छोटी कांडी). वेळ भयंकर जातो, पण कड सुरेख येते. आतल्या सळ्यांमध्ये मात्र फटी मुद्दाम ठेवल्या, कारण मूळ मनोरे आरपार दिसतात. माग गॅलरीकडे वळवला की गिरगावातला उजेड विणीतून आत येतो!

लांब फटींनी वीण ढिली पडते, हे खरं. उत्तर रोडियाच्याच रचनेत सापडलं. त्याने उभ्या सळ्या ठिकठिकाणी आडव्या कड्यांनी बांधल्या आहेत. 1959 मध्ये पाडण्याच्या वादात मनोऱ्याला 10,000 पौंडांचा ओढा देऊन पाहिला, तो ढळला नाही. विणीतही त्या कड्या सलग बाण्याने घेतल्या की फट तिथे आपोआप बंद होते. चित्रातली कडी आणि कापडाला धरणारी कडी एकच, याचा मला फार आनंद झाला.

हिरव्या काचेसाठी लोकरीच्या दोन हिरव्या छटांत रेशमाची एक तार मिसळली आहे. नुसत्या लोकरीला काचेची चमक येत नाही.

पावसाळ्यात लोकरीचा हिशेब वजनावर ठेवू नका. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा दमटपणा शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. मी लांबी मोजते.

पुढे शेंडे. मुंबईच्याच मोनिका कोरिया यांनी विणता विणता फणी (उभे धागे सारख्या अंतरावर धरणारा मागाचा भाग) काढून उभे धागे मोकळे सोडले आहेत. ते धागे वाहत्या रेषांसारखे सरकतात. माझ्या चौकटीच्या मागाला फणी नाहीच, तेव्हा शेंड्याकडे धागे हातानेच जवळ ओढून निमुळते करायचे आहेत. त्याने कडा आत खेचल्या जाणार. म्हणून आधी बाजूला चाचणीची एक पट्टी विणते आहे: तोच सुती ताणा (उभे धागे), इंचाला 8 धागे.