भाव दिसतो, ताप दिसत नाही

सुपरमार्केटमध्ये दुधाच्या फ्रिजसमोर उभी होते आणि डोळ्यांदेखत किंमत बदलली. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. फळीवरची ती चिमुकली डिजिटल पाटी एकदा काळी-पांढरी लुकलुकली आणि नवा आकडा दाखवून गप्प बसली.

शेजारच्या फ्रिजवर तापमान होतं 9 अंश. दूध 4-5 अंशांच्या आसपास हवं ना? माल लावणाऱ्या मुलाला विचारलं. मान वर न करता म्हणाला, "डीफ्रॉस्ट चालूय. येईल खाली."

असेलही. कॉइलवरचा बर्फ वितळवायला मशीन अधूनमधून थंडावा थांबवतं. आतली हवा तेवढ्यापुरती तापते, माल लगेच तापत नाही. म्हणून अलार्मही जरा थांबूनच वाजतो. काही ठिकाणी तर तापमान मोजणारा सेन्सर ग्लायकॉल नावाच्या द्रवाच्या बाटलीत बुडवून ठेवतात, तो द्रव हवेसारखा पटकन तापत नाही, म्हणजे दार उघडल्या-उघडल्या तो बोंबलत नाही. डोकं लावलंय, मान्य.

पण मला खटकलं ते वेगळंच. किमतीच्या पाट्या बहुतेक ई-इंकच्या, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याच्या; तो पडदा आकडा बदलतानाच काय ती वीज खातो, बॅटरी वर्षानुवर्षं चालते. तिथे आणखी एक ओळ सहज मावेल की: गेल्या 24 तासांत हा फ्रिज किती वेळ गरम होता. सेन्सर आहेत तिथे नोंद होतेच. ती जाते मॅनेजरच्या मोबाइलवर. आपल्याला फक्त भाव कळतो, तोही ताजा ताजा!

त्या फ्रिजमधलं दूध मी काही घेतलं नाही. तुम्ही घेतलं असतं?