तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉपच वाजवतो ना सगळं?

हळद असो, साखरपुडा असो, नाहीतर कुणाची एकसष्टी. जेवणाच्या रांगेतून कुणीतरी ताट हातात घेऊन माझ्या टेबलाशी येतंच. स्क्रीनमध्ये डोकावतं आणि म्हणतं, "पूर्वी तुमच्याकडे सीड्या असायच्या ना? आता बरंय, लॅपटॉपच वाजवतो सगळं. मग तुम्ही काय करता?" शेवटचं हसत विचारतात, म्हणून मीही हसतो. ताटातली जिलबी गार होत असते आणि मला पुढचं गाणं लावायचं असतं, तिथं काय उत्तर देणार? आज सुट्टी आहे, तेव्हा बसून लिहितो.

आधी एक सांगून टाकतो. आपल्याकडे 'डीजे' म्हणजे ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत. 'डीजे लावला', 'पोलिसांनी डीजे उचलला' असं आपण म्हणतो. त्यात माणूस कुठंच नसतो. मी तो नसलेला माणूस. त्यामुळे लॅपटॉप आल्यावर माझी गरज संपली असं लोकांना वाटतं, यात मला फारसं नवल वाटत नाही. माझी गरज त्यांना आधी तरी कुठं दिसली होती!

मी १९९९ मध्ये सुरुवात केली. एकाच रॅकमध्ये दोन सीडी प्लेयर, त्यांचा वेगळा कंट्रोलर, एक मिक्सर आणि दीडशे सीड्यांची काळी बॅग. एका ऑडिओ सीडीत ८० मिनिटं, म्हणजे पंधरा-सोळा गाणी. रात्री घरी सीड्या राइट करायच्या, त्याही कमी स्पीडवर, कारण घाईत केलेली सीडी ऐन वरातीत अडखळते. वर मार्करनं नावं लिहायची. बेस वाढला की प्लेयरची लेन्स थरथरून गाणं उडी मारायचं, म्हणून प्लेयरखाली रिक्षाची ट्यूब. मे महिन्यात टेम्पोत राहिलेल्या सीड्या वाकायच्या. आणि हळद! हळदीनं माखलेल्या हातानं कुणी मामा "हे लावा हो" म्हणून सीडी देणार, तिच्यावर पाची बोटं पिवळी उमटलेली. ती शर्टाला पुसायची, प्लेयरमध्ये सरकवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. 'सीडीचा जमाना' म्हणून तुम्ही उसासे टाकता तो हा.

त्या सगळ्या सीड्या मी दुकानातून विकत घेतल्या होत्या, असंही मी पूर्वी ऐटीत सांगायचो. ते खोटं होतं. निम्म्या घेतल्या होत्या, निम्म्या याच्या-त्याच्याकडून उतरवल्या होत्या. पुढं लॅपटॉपवाल्यांकडे ४० जीबीच्या डिस्कमध्ये सात-आठ हजार गाणी आयती भरून मिळायला लागली, तेव्हा आम्ही सीडीवाले त्यांना चोर म्हणायचो. बॅगेत दोन हजार मावत होती म्हणून आमची चोरी लहान, एवढाच फरक.

२००५ मध्ये एका नवख्या पोरानं माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, तेव्हा चार लोकांत मी म्हणालो होतो, "हा डीजे नाही, टायपिस्ट आहे." लोक हसले. वाक्य जमलं होतं, आजही मला आठवून बरं वाटतं, हे कबूल करतो. तेव्हाचा मी म्हणायचा की कानानं ठेका जुळवता आला तरच डीजे. एका कानाला हेडफोन, दुसऱ्या कानात बाहेरचं गाणं, गाण्याचा वेग बदलणारी पिचची पट्टी केसाएवढी सरकवत दोन्ही ढोल एकावर एक आणायचे. आज सिंकचं बटण दाबलं की ते होतं. मग तेव्हाचा मी बरोबर होता का?

निम्मा. जुनी हिंदी गाणी माणसांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत, मशीनच्या टिकटिकीवर नाहीत. अंतऱ्याला लय चढते, मुखड्याला उतरते. सॉफ्टवेअर त्यावर सरळ रेघा मारतं आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत रेघ एकीकडे, ढोलक भलतीकडे. बऱ्याच कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांचा, पुढचं गाणं आठाचं. सिंकला वेग कळतो, पण डुलणाऱ्या माणसाला उड्या मारायला कधी लावायचं ते कळत नाही. तिथं अजून कानच लागतो. पण पार्टीत वाजणारी बहुतेक नवी गाणी मशीनवरच बांधलेली असतात. तिथं बटण दाबतो. होय, दाबतो! आणि त्यात वाचलेलं लक्ष समोरच्या माणसांकडे देतो. आता तुम्ही म्हणाल, खरंच देता का? कधी देतो. कधी मोबाइल बघतो.

आता त्या रात्रीचं. ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

डिसेंबर २००८. मी लॅपटॉप घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते, सेकंडहँड. पुण्यात म्हात्रे पुलाजवळच्या एका लॉनवर संगीत होतं. बसवलेले नाच, दोन्ही घरचे मिळून नऊ. जुना सीडी प्लेयर मी मुद्दाम घरी ठेवला होता. वजनाचं कारण बायकोला सांगितलं. खरं कारण असं की तो टेबलावर दिसला असता तर माझा लॅपटॉपवर भरवसा नाही असं दिसलं असतं.

साडेनऊला नवऱ्या मुलीची आत्या स्टेजवर आली. साठीच्या पुढची, गुडघे दुखणारी, तरी हौसेनं उभी राहिलेली. पहिलं कडवं झालं आणि लाइट गेली. अंधार, शांतता, मग जनरेटरची घरघर, वीसेक सेकंदांत सगळे दिवे परत. अ‍ॅम्प्लिफायर चालू. माझा लॅपटॉप तर बंदच पडला नव्हता, बॅटरीवर होता. स्क्रीनवर गाण्याची लाट पुढं पुढं सरकतेय आणि स्पीकरमधून चकार शब्द नाही.

मी मिक्सर बघितला, वायरी काढून परत घातल्या, अ‍ॅम्प्लिफायरपाशी पळत गेलो. आत्या एक हात वर धरून तशाच उभ्या. थोड्या वेळानं त्यांनी तो हात हळूच खाली घेतला, ते मला अजून दिसतं. दहाला स्पीकर बंद करावा लागतो हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे जो तो घड्याळाकडे बघत होता. मुलीचे वडील आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आमच्या थोरलीच्या वेळी सीडीवाले होते. असं काही झालं नव्हतं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "जनरेटरचा करंट बरोबर नाही. माझं मशीन उडालं."

जनरेटरवाला वीस-बावीस वर्षांचा पोरगा. तो मीटर घेऊन आला, माझ्याच बोर्डाला लावला. "दोनशे अठ्ठावीस व्होल्ट दाखवतोय, दादा." मी म्हणालो, "आधी तुझा मीटर तपासून आण." बाजूचे हसले. टायपिस्टच्या वेळी हसले होते तसेच.

त्या रात्री अब्रू वाचवली ती नाच बसवणाऱ्या मुलीनं. तिच्या आयपॉडवर सरावाचं गाणं होतं, ते वायरनं मिक्सरला जोडलं. पण आत्यांना घरी सराव करता यावा म्हणून तिनं त्यात स्वतःचा आवाज भरला होता. त्यामुळे भर लॉनवर, चार टॉप आणि चार बेस स्पीकरमधून, "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट... आत्या, डावा हात!" लोक खुर्च्यांवरून उठून हसायला लागले. आत्याही हसत हसत नाचल्या, प्रत्येक सूचना पाळून. पोरं त्यांच्याबरोबर आकडे ओरडायला लागली. त्या संगीताची आठवण निघाली की आजही लोक तेवढंच सांगतात. मी निवडलेलं एकही गाणं कुणाला आठवत नाही.

हिशेबाच्या वेळी मुलीच्या काकांनी जनरेटरवाल्याचे पैसे कापले. मी तिथंच होतो, वायर गुंडाळत. माझे पूर्ण मिळाले.

कारण घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सापडलं. लॅपटॉपचं एक यूएसबी पोर्ट मोडकं होतं, म्हणून साउंड कार्ड (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला देणारी डबी) आणि हार्ड डिस्क मी एका हबला, म्हणजे एका पोर्टची अनेक करणाऱ्या डबीला, लावली होती आणि त्या हबचा अडॅप्टर सरळ बोर्डात. लाइट गेली तेव्हा हब मेला, साउंड कार्ड तुटलं, आणि सॉफ्टवेअरनं आवाज निमूटपणे लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरवर नेला. वाजत होतं, पण घरघरीत आणि गोंधळात मलासुद्धा ऐकू आलं नाही. कार्ड सरळ लॅपटॉपला असतं तर त्याच्या बॅटरीवर जगलं असतं. सॉफ्टवेअर बंद करून कार्ड परत जोडलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. जनरेटरचा काही दोष नव्हता. दोनशे अठ्ठावीस बरोबरच होतं.

म्हणून 'सीडी बरी की लॅपटॉप' असं तुम्ही सहज विचारता तेव्हा मला आधी ते वडील दिसतात आणि मी लगेच वकिली सुरू करतो. लाइट गेल्यावर सीडी प्लेयरही बंद पडायचा. हो, पडायचाच! पण लाइट आली की तो पुन्हा सीडी वाचायला घ्यायचा आणि त्याचं काय बिनसलंय ते समोर दिसायचं. लॅपटॉप बिनसला तरी चेहरा तसाच ठेवतो. आता माझ्याकडे छोटा यूपीएस आहे, दुसरा लॅपटॉप आहे, पेन ड्राइव्ह आहे, चार्जरची गुणगुण स्पीकरमध्ये येऊ नये म्हणून आयसोलेटर आहे. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत माझी उधारी चालते.

आणखी एक कबुली. त्या रात्रीनंतर दोन वर्षं मी पुन्हा सीडी प्लेयर टेबलावर मांडले. लोक खूश. "वा, तुम्ही अजून सीडीवर वाजवता!" त्या सीड्यांत एकही गाणं नव्हतं. टाइमकोड म्हणतात त्याला. सीडीवर नुसता किर्र आवाज असतो, त्यावरून सॉफ्टवेअरला कळतं की हात कुठं फिरतोय, गाणं लॅपटॉपातूनच येतं. न्यूझीलंडच्या सेराटो कंपनीनं २००४ मध्ये असलं सॉफ्टवेअर बाजारात आणलं होतं, माझ्यापर्यंत यायला पाच वर्षं लागली. लॅपटॉप मी टेबलाखाली ठेवायचो. कुणालाही फरक कळला नाही. यावर मी खूश व्हावं की वाईट वाटून घ्यावं, ते ठरवता आलेलं नाही.

सीडीचं एकच मला खरंच हवं आहे, ते म्हणजे नकार. बॅगेत नाही म्हटलं की विषय संपायचा. कुठली दीडशे न्यायची हे दुपारी घरी ठरायचं, तीच माझी निवड आणि त्याचेच पैसे. आता फर्माईश आली की "नाही" म्हणता येत नाही. "लॅपटॉपमध्ये असेल की! नसेल तर डाउनलोड करा, माझं नेट घ्या." संथ लावणीनंतर त्यांना मध्येच जे हवं असतं ते लावलं की पन्नास माणसं खाली बसतात आणि एकटा फर्माईशवाला नाचतो. पण मीसुद्धा त्या नकाराआड काही कमी लपलो नाही. माझ्याकडे नसलेल्या कितीतरी गाण्यांना मी "ते पार्टीला चालत नाही" म्हणायचो.

जनरेटरवाल्याला मी काही सांगितलेलं नाही. आता त्याच्याकडे तीन जनरेटर आहेत, पोरं कामाला आहेत. गेल्या महिन्यात एका हळदीला तोच आला होता. नऊच्या सुमारास लाइट गेली, जनरेटर सुरू झाला. नंतर लाइट आली तेव्हा जनरेटरवरून परत लाइटवर नेणारं हँडल त्यानं लगेच फिरवलं नाही. लॉनच्या त्या टोकाहून माझ्याकडे बघून हात वर केला, करू का म्हणून. मी चालू गाणं उतरवलं, मान हलवली, मग त्यानं फिरवलं. तो सगळ्याच डीजेंना असं विचारतो की मलाच, हे मी त्याला विचारलं नाही.