विवाहाचा रकाना

आमच्या मोहननगरच्या घरात, कपाटाच्या वरच्या खणात, पांढऱ्या कापडात गुंडाळलेले एक जुने पवित्र शास्त्र आहे. जुना करार संपून नवा सुरू होण्याच्या मधल्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू असे चार रकाने छापलेले आहेत आणि त्यांत आमच्या चार पिढ्या मावल्या आहेत. माझ्या नावापुढचे पहिले दोन रकाने पप्पांच्या तिरप्या, निळ्या अक्षरांत भरलेले आहेत. तिसऱ्यात पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेले दिसते. २०१६ साली माझे एका मुलीशी जवळजवळ ठरले होते. पप्पांनी उत्साहाच्या भरात तिचे नाव आधीच लिहून ठेवले असावे. त्या मुलीला मी फसवले नाही, एवढीच त्या वर्षाची माझी कमाई.

त्या पानावरची पहिली नोंद पणजोबांची आहे. त्यांच्या नावापुढे जन्मतारीख नाही, बाप्तिस्म्याची तारीख मात्र आहे. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात त्यांनी प्रभू येशूचा स्वीकार केला तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले, विहिरीचे पाणी बंद झाले, सख्ख्या भावाने दार लावून घेतले आणि एक तांब्या व घोंगडे घेऊन ते पायी नागपूरला मिशनच्या आवारात आले. दर नाताळच्या रात्री, करंज्यांची ताटे फिरून झाल्यावर, पप्पा ही साक्ष सांगतात आणि तिचा शेवट ठरलेला असतो: ‘‘खोटं बोलून गावात राहता आलं असतं, पण ते खोटं बोलले नाहीत.’’ हे वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकत आलो आहे. मी समलिंगी आहे हे घरी सांगितले ते याच वाक्याच्या भरवशावर, आणि ते पप्पांना अजूनही पटलेले नाही.

तेराव्या-चौदाव्या वर्षी मला स्वतःविषयी कळले, पण त्यासाठी शब्द मिळाला तो उपदेशातून, आणि तो शब्द ‘सदोम’ हा होता, पापामुळे देवाने नष्ट केलेल्या बायबलमधल्या शहराचे नाव. पुढे युवक संघाच्या शिबिरात शेवटच्या रात्री प्रत्येकाला वहीचा अर्धा कागद देण्यात आला. त्यावर आपले पाप लिहायचे, घडी घालायची आणि शेकोटीत टाकायची. मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि शेवटी ‘राग’ असे लिहिले, कारण कागद जळण्याआधी कोणीतरी उघडून वाचेल अशी भीती वाटत होती. मला राग फारसा येत नाही. पश्चात्तापाच्या त्या रात्री मी केलेले एकमेव पाप म्हणजे ते खोटे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले आणि त्याच आठवड्यात मी घरी बोललो. पप्पांचा पहिला उद्गार होता, ‘‘हे विलायती खूळ आहे.’’ ज्या माणसाच्या धर्माला आयुष्यभर लोकांनी विलायती म्हटले, त्याच्या तोंडी हा शब्द यावा याचे मला आजही नवल वाटते. शिवाय विलायतेतून आला होता तो कायदा. १८६० चा तो दंडविधान इंग्रजांनीच आपल्यासाठी लिहिला होता. हे मी तेव्हा बोललो नाही. मम्मी देवघरातल्यासारखी गप्प बसली होती (आमच्या घरी देवघर नाही, पण त्या शांततेला दुसरा शब्द सापडत नाही). मग एका पाळकसाहेबांनी डोक्याला तेल लावून प्रार्थना केली आणि एकवीस दिवस उपवास सांगितला. माझे वजन कमी झाले, आणखी काही नाही.

त्यानंतर मी जे करायला हवे होते ते केले, म्हणजे शास्त्र स्वतः उघडून बसलो. यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात सदोमेचे पाप कोणते हे स्पष्ट सांगितले आहे: गर्व, भरलेली ताटे, निवांत सुबत्ता आणि गोरगरिबांना हात न देणे. आमच्या शिबिरात हे वचन कोणी वाचल्याचे मला आठवत नाही. लेवीयाच्या अठराव्या अध्यायातील, पुरुषाने पुरुषाशी संग करू नये हा निषेध सर्वांना पाठ असतो. एकोणिसाव्यातील, दोन प्रकारच्या धाग्यांचे वस्त्र अंगावर घालू नये ही आज्ञा टेरिकॉटचा सदरा घालून वाचली जाते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ज्या ग्रीक शब्दावर सारी भिस्त आहे, त्याच्या नेमक्या अर्थावर अभ्यासकांत आजही वाद आहे आणि इंग्रजी बायबलमध्ये त्या ठिकाणी ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द १९४६ साली आला. तरीही मी सारे सोडवले असे म्हणणार नाही. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय मला अवघड जातो. पत्र लिहिणारा पौल तिथे पुरुषापुरुषांतल्या ज्या वासनेविषयी बोलतो तिच्यात मला माझे घर, माझा जोडीदार, त्याच्या तापात रात्रभर बदललेल्या मिठाच्या पाण्याच्या घड्या दिसत नाहीत, एवढेच मी प्रामाणिकपणे सांगू शकतो.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मतभेद म्हटला की लोक दचकतात, आणि तेही नागपुरात, याची मला गंमत वाटते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात, सदर या वस्तीतल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा वेगवेगळे पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा करणारे होते आणि तो अमान्य करून प्रौढपणीच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते. बाप्तिस्म्यासारख्या मूळच्या गोष्टीवर एकमत झाले नाही म्हणून कोणी कोणाला बाहेर काढले नाही. दोन्ही पद्धती एकाच छताखाली ठेवल्या गेल्या. ज्यांना एवढे जमले, त्यांना माझ्यासाठी एक बाक ठेवणे जमू नये?

यंदा ईस्टरच्या आदल्या दिवशी पप्पा आणि मी जरीपटक्याच्या दफनभूमीत पणजोबांच्या थडग्याला चुना लावायला गेलो होतो. बायबलच्या वचनांवर वाद झाला तर उत्तरे माझ्याजवळ तयार होती. कुंचला चुन्यात बुडवत मी एवढेच म्हटले, ‘‘पप्पा, तुम्हीच सांगता न, हे खोटं बोलले नाहीत म्हणून.’’ ते बराच वेळ दगडावरच्या अक्षरांच्या खाचा बोटाने साफ करत राहिले. मग म्हणाले, ‘‘गावानं काढलं तेव्हा त्यांना यायला मंडळी होती. तुला मंडळीनं काढलं तर तू कुठं जाशील?’’

या प्रश्नाची मी तयारी केलेली नव्हती. सहा-सात वर्षे ज्याला मी त्यांचा कर्मठपणा समजत होतो, ती बरीचशी धास्ती होती. मी सांगितले की अजून कोणी काढलेले नाही, दर रविवारी मी मागून तिसऱ्या बाकावर बसतो, गायकवृंदात टेनर कमी पडतात म्हणून मला बोलावतातही, आणि घरी परत गेलो की कोणीतरी वाट पाहत असते. लग्नाविषयी ते काही बोलले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिल्यानंतर त्या रकान्याचा प्रश्न तसाही त्यांच्या हातात राहिलेला नाही.

निघताना, बादली उचलता उचलता, त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारले, ‘‘तो कुठल्या मंडळीचा?’’

‘‘बौद्ध आहे,’’ मी म्हटले. ‘‘त्याच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, बाबासाहेबांसोबत.’’

पप्पांनी मनातल्या मनात हिशेब केला.

‘‘म्हणजे आपल्यापेक्षा बरेच उशिरा,’’ ते म्हणाले.