फेज सापडला ना, मग देत का नाही?

"फेज सापडला म्हणता ना, मग पेशंटला देत का नाही?"

मी प्रयोगशाळेत फेज शोधते, म्हणजे जिवाणूंवर जगणारे विषाणू. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत येतो, बिल्डिंगच्या जिन्यात येतो. एकदा रात्री अकराला फोनवर आला. आयसीयूबाहेर बसलेल्या एका मुलाने कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला होता. वडिलांच्या रक्तात क्लेब्सिएला नावाचा जिवाणू, आणि कल्चर रिपोर्टवर मेरोपेनेमपासून कोलिस्टिनपर्यंत प्रत्येक औषधापुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. "मॅडम, तुमच्याकडे तो विषाणू आहे असं कळलं." त्याला मी धड उत्तर देऊ शकले नाही. हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो म्हणून आज सविस्तर लिहितेय.

फेज मिळवणं खरंच सोपं असतं. आम्ही मुठा नदीत मिसळणाऱ्या नाल्याचं पाणी आणतो आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतो. जिवाणू वर अडकतात, फेज खाली उतरतात. पेशंटचा जिवाणू मऊ अगरमध्ये, म्हणजे जेलीसारख्या पदार्थात, कालवून प्लेटवर ओतायचा, वर गाळलेल्या पाण्याचा थेंब सोडायचा. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या दुधाळ सायीत स्वच्छ गोल भोकं दिसतात. त्यांना प्लाक म्हणतात. इतकी वर्षं झाली, तरी प्लेट उजेडासमोर धरताना माझा श्वास अडकतो. आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिनने १८९६ सालीच लिहून ठेवलं होतं की गंगा-यमुनेचं पाणी कॉलऱ्याचे जंतू मारतं आणि उकळलं की त्याचा हा गुण जातो. १९१७ साली फेलिक्स द'हेरेलने या अदृश्य शत्रूला बॅक्टेरियोफेज हे नाव दिलं, आणि १९२७ साली तो हिंदुस्थानात येऊन कॉलऱ्याच्या रोग्यांना फेज देत होता.

पण ते भोक एवढंच सांगतं की या प्लेटमधला जिवाणू मेला. फेजबद्दल ते फारसं काही सांगत नाही.

काही फेज जिवाणूत शिरतात, पण त्याला दर वेळी मारत नाहीत. आपला डीएनए त्याच्या डीएनएत गुंफून गुपचूप राहतात, आणि कधीकधी त्याला नवी हत्यारंही पुरवतात. कॉलऱ्याचं विष ज्या जनुकांमुळे तयार होतं, ती मुळात एका फेजची आहेत. हे १९९६ साली उघड झालं. घटसर्पाच्या विषाचंही तसंच. म्हणजे न तपासता दिलेला फेज जिवाणूला आणखी घातक करू शकतो. म्हणून त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळी जनुकं, वाचावी लागतात: गुंफून घेणारं इंटिग्रेजचं जनुक आहे का, विषाचं आहे का, औषधाला दाद न देण्याचं आहे का. २०१९ साली लंडनमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीची केस प्रसिद्ध झाली. फुप्फुसं बदलल्यानंतर तिला मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस या जिवाणूने गाठलं होतं. तिला तीन फेज दिले. एक दक्षिण आफ्रिकेत सडक्या वांग्यावर सापडलेला, जात्याच मारणारा. बाकीचे दोन गुपचूप राहणारे. त्यांना दाबून ठेवणारं जनुक काढून टाकल्यावरच ते कामाचे झाले. जीनोम वाचलेला नसता, तर काय काढायचं हेच कळलं नसतं.

दुसरी अडचण क्लेब्सिएलाची स्वतःची. त्याच्याभोवती साखरेचं जाड कवच असतं आणि त्या कवचाचे सत्तरहून जास्त प्रकार आहेत. फेज बहुधा एका-दोन प्रकारांनाच चिकटतो. एका खाटेवरच्या रुग्णाला लागू पडलेला फेज शेजारच्या खाटेवरच्या क्लेब्सिएलाला शिवतही नाही. शिवाय थेंब टाकला तिथे डाग पडला, म्हणजे फेज वाढला असंही नाही. फेज पातळ करत जायचं. सुटे प्लाक दिसले तरच तो वाढतोय. मग त्याचा वेग मोजायचा: चिकटायला किती वेळ, जिवाणू फुटायला किती, एकातून किती बाहेर पडतात.

आणि तो टिकतो का? हा भाग मलाही सुरुवातीला कंटाळवाणा वाटायचा. पुढे फॅगोबर्न वाचलं. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर युरोपात फेजची ही चाचणी झाली होती. मिलिलिटरमागे दहा लाख फेज द्यायचे ठरलं होतं. साठवणीत फेज मेले आणि रुग्णांना शंभराच्या आतबाहेरच मिळाले. चाचणी मध्येच थांबवावी लागली. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक बाटलीतले फेज पुन्हा पुन्हा मोजले जातात.

शुद्धीकरण तर अटळच. फेज वाढवायचे म्हणजे जिवाणू फोडायचे, आणि फुटलेल्या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन नावाचं विष रक्तात गेलं की ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. आधीच अत्यवस्थ असलेल्या माणसाला ते झेपणार नाही.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूमुळे अत्यवस्थ झालेल्या प्राध्यापक टॉम पॅटरसनना २०१६ साली फेज दिलेच ना? दिले, ते वाचलेही, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्यांच्यासाठी कित्येक प्रयोगशाळा दिवसरात्र राबल्या. जिवाणू फेजला दाद देईना झाला, तेव्हा नवा फेज शोधावा लागला. प्रत्येक आयसीयूसाठी अशी धावपळ होणार नाही. तपासलेले फेज आधीच तयार असायला हवेत, आणि ते रोजचं काम आहे. त्यासाठी मला माणसं हवीत, पैसे हवेत. हे मी भेटेल त्याला सांगते.

त्या मुलाचा फोन आला तेव्हा आमच्या फ्रीजमध्ये क्लेब्सिएलाचे अकरा फेज होते. एकाचाही जीनोम वाचलेला नव्हता. तरी वडिलांचा जिवाणू मागवला. अकरापैकी दोन फेजनी त्याच्यावर स्वच्छ प्लाक दिले. तोवर तिसरा दिवस उजाडला होता. मी फोन केला, तर मुलाच्या काकांनी उचलला आणि म्हणाले, "आता राहू द्या."

तो जिवाणू आम्ही उणे ऐंशी अंशांवर जपून ठेवलाय. नाल्यातून नवा फेज आला की पहिली प्लेट त्याच्यावर लावतो.